बरणीतलं लाल पाणी

रोह्याला मी पहिल्यांदा राहायला गेले ती आत्याच्या कंबरेसाठी. मोरीत पाय घसरून ती पडली आणि डॉक्टरांनी दोन महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही असं सांगितलं. आतोबा धाटावच्या रसायनांच्या कंपनीत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, घरात मूलबाळ नाही. तेव्हा आमच्या घरातून कोणीतरी जावं असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. चौथी झाल्यावर शाळा सुटली होती, कारण गावातली शाळा तिथपर्यंतच होती आणि पुढची पेणला. मी कधी कशाला नाही म्हणत नसे, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. एका पिशवीत दोन ड्रेस आणि दुसऱ्या पिशवीत आत्यासाठी पाच किलो जाडं मीठ नि सुक्या जवळ्याची पुडी घेऊन मी बाबांबरोबर एसटीत बसले. मीठ आमच्याच मिठागरातलं. आमचं गाव पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीच्या अंगाला. बाबा आणि आय दोघंही मिठागरावर राबत आणि दिवाळी झाली की आम्ही पोरंही त्यांच्यामागे मिठाच्या वाफ्यात उतरत असू.

आत्याचं घर म्हणजे कौलारू चाळीतल्या दोन खोल्या. मागच्या बाजूला लांब पडवी, ती शेजारच्या बिऱ्हाडाची आणि आमची एकच. गावाकडे मला जाग यायची ती खाडीतून जाणाऱ्या बार्जच्या धडधडीने, इथे कंपनीचा भोंगा व्हायचा. भोंग्यापाठोपाठ स्कूटर सुरू करायच्या लाथा, डबे बंद केल्याचे आवाज, बसला हाक. वारा फिरला की धाटावचा वास यायचा, कधी सडक्या अंड्यासारखा, कधी नुसता डोळ्यात झोंबणारा. आत्या म्हणायची, "सवं व्हईल गो. मना तर आता गावाकडं गेल्याव चुकल्यासारका वाटतं." सकाळी मी तांदळाच्या भाकऱ्या थापायचे, आतोबांच्या डब्यात कांदा घातलेला जवळा, आणि ज्या दिवशी मासे नसतील त्या दिवशी वालाचं बिरडं. मोड आलेले वाल सोलायला पडवीत बसलं की बोटांना तो कडवट वास दिवसभर राहायचा. आजही मी वाल सोलायला बसले की मला ती पडवी आठवते. लेक म्हणते, "आई, सोललेले आयते मिळतात." मिळू देत.

पडवीच्या पलीकडच्या अर्ध्यात बाई राहायच्या. त्या रोह्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. चाळिशीच्या, उंच, चष्मा कायम केसांत खोचलेला आणि तोच कायम शोधत असलेल्या. त्यांचे यजमानही धाटावलाच होते, केमिस्ट, आणि त्या दिवसांत ते बहुधा रात्रपाळी करून येऊन दिवसा झोपलेले असत. त्यामुळे त्या घरात सगळं बोलणं कुजबुजत चालायचं. बाईंना तर बोलायची भारी हौस, त्यात आवाज चढवायची बंदी, म्हणून त्या डोळे मोठे करून, हात हलवून, ओठांतल्या ओठांत भराभरा बोलत. आत्याने मला त्यांच्याकडे सकाळची भांडी घासायला धाडलं. दुसऱ्याच दिवशी भांड्यांबरोबर काचेच्या चपट्या वाट्या, नळ्या आणि पातळ काचपट्ट्याही मोरीत आल्या. मी त्या राखेने न घासता नुसत्या पाण्याने, बोटांनी धुतल्या आणि उन्हात फडक्यावर मांडल्या. बाईंनी एक पट्टी उचलून उजेडात धरली आणि कुजबुजल्या, "अगं, आमचा कॉलेजातला शिपाई सात वर्षांत इतकी स्वच्छ धूत नाही." मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पण मिठाने काच कशी पांढरी होते आणि ती कशी काढायची हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर एक काळं, उभ्या नळीचं सूक्ष्मदर्शक यंत्र असायचं, त्यावर टॉवेलाचं झाकण. बाई झाकण काढून, खालचा छोटा आरसा खिडकीकडे फिरवून त्यात डोळा घालत आणि मग कितीतरी वेळ त्यांना आमटीचीही शुद्ध नसे. एकदा आमटी पार करपली तेव्हा मी धावत जाऊन गॅस बंद केला. बाईंनी डोळा न काढताच हाताने ‘असू दे’ केलं. त्या नळीतून काय दिसतं हे मला बघायचं होतं. इतकं बघायचं होतं की भांडी घासताना माझं निम्मं लक्ष त्या टेबलाकडे असे. "बघू का?" एवढे दोनच शब्द. रोज सकाळी पडवीतून जाताना मी ते मनात म्हणत असे आणि रोज तसेच गिळून परत येत असे. दोन महिने म्हणजे किती सकाळी झाल्या बघा.

टेबलाच्या मागे, भिंतीच्या सावलीत, लोणच्याच्या असाव्यात तशा दोन काचेच्या बरण्या होत्या. त्यांत हिरवं पाणी. पहिल्यांदा मी टेबल पुसायला जवळ गेले आणि थबकले. तो वास माझ्या ओळखीचा होता. उन्हाळ्याच्या तोंडी वाफ्यावर वाकलं की नाकात भरतो तोच, खारट आणि थोडा फुलांसारखा. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मिठागराचं पानी."

बाई गर्रकन वळल्या. "तुला कसं कळलं?"

"वासानी."

मग त्यांनी माझं गाव विचारलं, बाबांचं काम विचारलं, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला हसू आलं. ते पाणी त्यांनी आमच्याच बाजूच्या एका मिठागरातून वर्षापूर्वी बाटलीत भरून आणलं होतं आणि तेव्हापासून जपलं होतं. मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवण्यापेक्षा जिवंत काहीतरी दाखवायचं म्हणून. त्या दिवशी त्यांनी मला कणिक मळताना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मी त्यांचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते.

त्या म्हणाल्या, या बरणीच्या एका थेंबात हजारो जीव आहेत. प्रत्येकाचं शरीर म्हणजे एकच खोली, तिला पेशी म्हणायचं. खोलीत एक पेटी असते, तिच्यात त्या जीवाने कसं जगायचं याची सगळी लिखापढी. शिवाय खोलीत काही कामकरी असतात. एक हिरवा, तो उन्हावर अन्न शिजवतो, त्याला हरितलवक म्हणतात. दुसरे बारीक, लांबट, ते अन्न जाळून ताकद काढतात, त्या तंतुकणिका. "आणि आता गंमत ऐक," बाई कणकेचा हात तसाच हवेत धरून कुजबुजल्या, "हे कामकरी मूळचे घरचे नाहीतच! शंभर कोटी वर्षांच्याही कितीतरी आधी ते बाहेर पाण्यात मोकळे राहत होते. आपापलं खात होते, आपापलं वाढत होते. मग एका मोठ्या जीवाने असल्या एका छोट्याला गिळलं. पण पचवलं नाही."

त्यांनी कणकेचा एक गोळा घेतला, त्यात वालाचा एक दाणा दाबला आणि वरून कणिक बंद केली. "तो आत तसाच जिवंत राहिला. आत राहून वाढला. मोठ्याचे दोन झाले तेव्हा तोही वाटून दोघांत गेला. मोठ्याला आयतं अन्न, छोट्याला आयता आसरा. आधी त्या तंतुकणिका आल्या. मग काही जीवांनी असाच हिरवाही गिळला, आणि त्यांच्यापासून पुढे शेवाळी झाली, गवत झालं, भात झाला."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. बाईंना वाटलं मला पटत नाही. त्या लगेच बोटावर पुरावे मोजायला लागल्या. या कामकऱ्यांना दुहेरी कातडी असते, एक स्वतःची आणि एक गिळणाऱ्याने वरून गुंडाळलेली. त्यांच्याजवळ अजून स्वतःची थोडी लिखापढी असते, ती पेटीतल्यासारखी नाही, जंतूंच्यात असते तशी गोल कड्यासारखी. ते जंतूंसारखेच मधोमध चिरून एकाचे दोन होतात. आणि घरातले सगळे कामकरी मेले तर पेशीला नवीन बनवता येत नाही. असलेल्यापासूनच दुसरा होतो. "पहिल्यांदा हे म्हणणाऱ्यांना लोक हसले होते. आम्ही शिकलो तेव्हा हे पुस्तकात एवढंसंच होतं. आता कोणी हसत नाही." मग त्यांनी माझ्या दंडाला कणकेचं बोट लावलं. "तुझ्यातही आहेत तंतुकणिका. तुझ्या आईकडून आल्या. बापाकडून नाही, फक्त आईकडून. तिला तिच्या आईकडून."

 माझ्या डोक्यात जिताडा मासा उभा राहिला होता. पेणकडे तळ्यातला जिताडा कापला की कधीकधी त्याच्या पोटात अख्खी कोळंबी निघते, डोळ्यांसकट, मिशांसकट. आय ती बाजूला काढते आणि म्हणते, बघा, दोन जेवणं झाली. मी विचार करत होते, ती कोळंबी तिथेच जिवंत राहिली, तिला पिल्लं झाली, आणि जिताड्याला पिल्लं होताना प्रत्येकाच्या पोटात एकेक कोळंबी आधीच बसलेली असली तर! मला हे बाईंना सांगायचं होतं. पण बाई शाकाहारी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून माशाच्या पोटाची गोष्ट कशी सांगणार? मी घरी आल्यावर आत्याला सांगितली. आत्या कंबरेवर गरम पिशवी घेऊन पालथी पडलेली. ती म्हणाली, "बाईंनी तुना येडी केली. भात बग, उतू चाललाय."

माझी दोन महिन्यांची मुदत संपत आली तेव्हा बाईंच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या पंधरा दिवसांसाठी पुण्याला निघाल्या. बरण्या माझ्यावर सोपवल्या. यजमानांवर का नाही, तर "हे त्यात सिगारेट विझवतील." त्यांनी प्रत्येक बरणीवर एक कागदी पट्टी चिकटवली. पाणी उडून पट्टीच्या खाली गेलं की पट्टीपर्यंत उकळून गार केलेलं साधं पाणी घालायचं, बास. आणि मग निघताना पडवीत चप्पल घालता घालता म्हणाल्या, "परीक्षेनंतर मुलांना हेच दाखवणार आहे. पण मी आले की सगळ्यांत आधी तू बघायचंस. चालेल?"

मी मान डोलावली. रस्त्याने त्या दिसेनाशा होईपर्यंत डोलावतच होते. मी विचारलं नव्हतं, आणि तरी त्यांना कळलं होतं!

आता माझी चूक. ती सांगायची तर आधी मिठागराची रीत सांगायला हवी. मिठाच्या वाफ्याजवळ गोडं पाणी न्यायचं नाही. प्यायची कळशी लांब, बांधाच्या पार खाली. तहान लागली तर तिथे जायचं, तिथेच प्यायचं, ओठ पुसून यायचं. मी सहा-सात वर्षांची असताना वाफ्याच्या कडेला उभी राहून चूळ भरली होती, तेव्हा बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं. अवकाळी एक सर आली तर महिन्याभराचं मीठ विरघळून जातं. ते बघून मोठी माणसं बांधावर बसून राहिलेली मी बघितली आहेत. वाफ्यातलं पाणी कमी झालं तर खारंच भरायचं, तेही आधीच्या तापलेल्या, दाट झालेल्या पाण्यातलं. हे आम्हाला अंगात भिनलेलं.

तिसऱ्या दिवशी पाणी पट्टीच्या खाली गेलं. मी पाणी उकळलं, गार केलं, पातेलं हातात घेऊन बरणीपाशी उभी राहिले आणि माझा हात वाकेना. खरंच वाकेना. मला वाटलं, बाई शिकलेल्या, पण मिठाचं त्यांना काय माहीत? घाईत बोलून गेल्या असतील. मी घरी जाऊन आमच्या मिठाच्या पिशवीतून दोन मुठी मीठ आणलं आणि पाण्यात ढवळलं, आणखी घातलं, पाणी आणखी मीठ घेईना तोपर्यंत घातलं. जिभेला लावून बघितलं, बोटांत चोळून बघितलं, चिकट लागलं तेव्हा बरणीत ओतलं. शिवाय बरण्या सावलीत होत्या. सावलीत कधी मीठ बसतं का? त्या उचलून मी खिडकीच्या फळीवर, उन्हात ठेवल्या. असं रोज. ऊन कडक होतं, पाणी भराभर उडायचं, मी भराभर खारं भरायचे. मनातून इतकी खूश होते की गुणगुणत भांडी घासायचे, आणि यजमान आतून खोकले की गप्प व्हायचे.

आठवड्याने हिरवं पाणी पिवळट झालं. मग मोसंबीच्या रसासारखं. आणि एके दिवशी सकाळी खिडकीतून ऊन बरण्यांच्या आरपार आलं आणि समोरच्या भिंतीवर दोन नारिंगी गोल पडले. पाणी लाल झालं होतं!  आमच्याकडे वाफ्यातलं पाणी लाल व्हायला लागलं की बाबा म्हणतात, ‘पानी पिकला.’ म्हणजे आता दोन-चार दिवसांत मीठ बसणार. मिठागरावर त्या दिवसासारखा आनंद नाही. मी धावत जाऊन आत्याला ओढत आणलं.

आत्या कंबर धरून उभी राहिली, बरण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रंजे, बाईंनी मीठ करायला सांगितलावता का तुना?"

"नाय."

"मंग काय सांगितलावता?"

मी तोंड उघडलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं. बाईंना मीठ नको होतं. बाईंना हिरवं हवं होतं. हिरवा कामकरी. आणि हिरवं तर कुठेच उरलं नव्हतं.

पुढचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. सगळ्यांत आधी तू बघायचंस, असं म्हणाल्या होत्या. आता काय बघणार? आणि वरून बाबांचा निरोप आला की ते शनिवारी न्यायला येतायत, रविवारी मला बघायला पाहुणे येणार आहेत. बाई शनिवारीच परतणार होत्या.

बाई दुपारी आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधी खिडकीकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या. चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर ठेवला. मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी.

"हे काय झालं?" त्या कुजबुजल्या. यजमान आत झोपलेले होते. "रंजना, मी साधं पाणी घाल म्हटलं होतं ना?"

"गोडं पानी मिठात घालीत नाय."

"मग काय घातलंस?"

"मीठ."

"मीठ? किती?"

"पानी घेईल तवढा."

बाई खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले. "वर्षभर जपलं होतं गं," म्हणाल्या. मग उठल्या, एक बरणी उचलली आणि मोरीकडे वळल्या.

आणि मी मध्ये गेले. कशी गेले मला माहीत नाही. मी दोन्ही हातांनी ती बरणी खालून धरली. बाई एका बाजूने, मी एका बाजूने, मध्ये लाल पाणी हिंदकळतंय.

"ओतू नका बाई. जिती हायत."

"अगं, इतक्या मिठात काय जगणार? रंग बघ."

"वास घ्या. मेल्याला असा वास नसतं. आमच्याकरं दर साली लाल व्हतं, नि पावसाचा गोडा पानी परला का त्याच वाफ्यान परत हिरवा व्हतं. मेलेला असता तर परत हिरवा कशाला झाला असता?"

इतकं लांब वाक्य मी परक्या माणसासमोर जन्मात बोलले नव्हते. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. काचपट्टी घेतली, नळीने एक थेंब सोडला, वर पातळ काच टेकवली, आरसा खिडकीकडे फिरवला, डोळा लावला. बोटांनी स्क्रू पुढे-मागे, पुढे-मागे.  बाहेर कोणाच्या तरी स्कूटरला लाथा बसत होत्या, ती चालू होत नव्हती.

"अगंऽऽ!"

बाई किंचाळल्याच. आत पलंग करकरला. "पोहतायत! सगळे पोहतायत! आणि नारिंगी... रंजना, तो हिरवाच नारिंगी झालाय! आतला तो!" मग त्या उभ्या राहून, हात हवेत फिरवत, एकदम मोठ्या आवाजात सांगायला लागल्या. ऊन फार झालं, मीठ फार झालं, की त्या आतल्या हरितलवकाला सोसत नाही. मग तो स्वतःच्या आत नारिंगी रंग साठवतो, गाजरात असतो तसला. तो रंग उन्हाला अडवतो. "छत्री धरलीय त्याने! बाहेरून आलेल्याने सगळ्या घरावर छत्री धरलीय! मी हे वाचलं होतं, आणि मूर्खासारखी विसरले होते, आणि तू... तू हे माझ्या खिडकीत करून दाखवलंस!"

"काय झाला? कोन वरडतं?" दारात बाबा उभे होते. हातात लपेटलेली पिशवी, टोपी, पायाला वाटेची धूळ. त्यांच्यामागे कंबर धरून आत्या. मला वाटलं आता मेले. पण बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना टेबलापाशीच आणलं. "या, या, तुम्ही आधी बघा. तुमच्याच मिठागराचं आहे. तुमचं पाणी लाल कशाने होतं, बघा."

बाबा परक्या घरात कधी बसत नसत. इथेही बसले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, एक डोळा घट्ट मिटला, दुसरा नळीला लावला. आधी म्हणाले, "काय दिसत नाय." बाईंनी स्क्रू फिरवला. मग बाबा आणखी खाली वाकले. ते वरच होईनात म्हणून आत्या पुढे आली. "दादा, काय हाय?" बाबांनी हाताने तिला मागे सारलं. लहानपणापासून ते त्या पाण्यात उभे राहिले होते, त्या पाण्याने त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या, आणि ते कशाने लाल होतं हे त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. आता ते वाकून राहिले ते राहिलेच. एकदा हसले. एकदा म्हणाले, "ये बग, ये पलाला." बाई बाजूला उभ्या राहून त्यांना गिळण्याची आणि न पचवण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत होत्या आणि ते "व्हय, व्हय" करत होते. मी त्यांच्यामागे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. माझं बघणं राहिलं होतं! दोन महिने राहिलं होतं, आणि पाचची पेणची गाडी होती.

"बाबा," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. "बाबा, सरा! आता मना बगू दे!"

 माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. बाबा सरळ उभे राहिले, माझ्याकडे जरा दचकून बघितलं आणि बाजूला झाले.

पहिल्यांदा मला माझ्याच पापण्या दिसल्या, काळ्या, जाड, झाडूसारख्या. मग बाईंनी माझ्या खांद्याला धरून जरा मागे घेतलं आणि एकदम उजेड झाला, भर दुपारच्या वाफ्यासारखा पांढरा, गोल. त्यात नारिंगी दाणे. स्थिर नव्हते, पळत होते! अंड्यासारखे, एका टोकाला निमुळते. एक गरगर फिरत समोरून गेला, दुसरा त्याला धडकून वळला, तिसरा कोपऱ्यातून आला आणि माझ्या डोळ्याखाली येऊन थरथरत उभा राहिला. बाई म्हणाल्या, दोन बारीक शेपट्या आहेत, त्याने ते पोहतात. मला त्या दिसल्या नाहीत, खोटं कशाला लिहू. पण त्याच्या आत वाटीसारखा तो बसला होता, नारिंगी, काठोकाठ भरलेला, जवळजवळ सगळं घर अडवून. बाहेरून आलेला. मला वाटलं, तो माझ्याकडे बघतोय.

"बाई, त्याला आता परत बाहेर काढला तर जगंल का?" मी डोळा न काढता विचारलं. इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न.

"नाही जगणार," बाई म्हणाल्या. "इतक्या काळात त्याने आपली बरीचशी लिखापढी घरच्या पेटीत ठेवायला दिली. ती सोडून त्याला एकट्याने राहता यायचं नाही. पण घरालाही त्याच्याशिवाय राहता यायचं नाही."

"मंग पावना कोन नि घरवाला कोन?" बाबांनी मागून विचारलं.

बाई हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. "भाऊ, हे मला आजपर्यंत एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या, म्हणजे त्या आता उत्तर द्यायला बसल्या की विचार करायला ते मला कळलं नाही, कारण मी नळीतून डोळा काढला नव्हता. आतून यजमान डोळे चोळत आले आणि कोणी चहा टाकणार आहे का म्हणून विचारलं. आत्या म्हणाली टाकते. दाणे पळत होते. एक दाणा बाकीच्यांपेक्षा लांबट होता, त्याची कंबर मधोमध आवळत चालली होती, आणि मला दिसत होतं की आता त्या एकाचे दोन होणार, आणि आतल्याचेही.

"चल गो रंजे," बाबा म्हणाले. "पाचची गारी जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले.